डांबरातली भेसळ, चांगल्या अर्थाने

डांबर मुळात दगडी कोळशातून निघायचं. कपाटातल्या डांबरगोळ्याही त्याच घराण्यातल्या. रस्त्यावर आज पडतं ते बिटुमेन, म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल-डिझेल काढल्यावर तळाशी उरलेला गाळ. पण सगळे त्याला डांबरच म्हणतात, तर इथेही तेच.

हे डांबर घट्ट की मऊ, ते पूर्वी सुईने ठरायचं. २५ अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद सोडायची. ८ ते १० मिलिमीटर, म्हणजे ८० ते १०० दशांश मिलिमीटर रुतली की ते ‘८०/१००’ प्रतीचं. पण रस्ता २५ अंशांवर कुठे बसून असतो? उन्हाळ्यात तो ६० अंशांपर्यंत तापतो आणि ट्रकच्या चाकांखाली चर पडतात. म्हणून भारतात २००६ मध्ये ६० अंशांवरचा दाटपणा मोजून ‘व्हीजी’ (व्हिस्कॉसिटी ग्रेड) प्रती ठरल्या.

नुसतं घट्ट डांबर घेऊन भागत नाही, ते थंडीत तडकतं. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात जुन्या टायरांचा चुरा तापलेल्या डांबरात घालून पाहिला. रबर विरघळत नाही. डांबरातलं हलकं तेल पिऊन भिजवलेल्या साबुदाण्यासारखं फुगतं, आणि डांबर दाट आणि लवचिक होतं. पुढे युरोपात एसबीएस हे रबरासारखं पॉलिमर आलं, आणि त्याने हेच काम जास्त नेटकं केलं.

पावसाचं दुखणं मात्र वेगळं. ग्रॅनाइटसारख्या दगडाला डांबरापेक्षा पाणी जवळचं वाटतं, त्यामुळे पाणी मध्ये शिरतं आणि खडी सुटते. त्यावर चुना किंवा अमाइन नावाची रसायनं वापरतात. अमाइनच्या रेणूचं एक टोक दगड धरतं, दुसरं डांबरात मुरतं. आपला काळा बसाल्ट त्या मानाने डांबराला बरा धरून ठेवतो, पण कोकणातल्या पावसात तेवढ्यावर विसंबता येत नाही.

मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले राजगोपालन वासुदेवन यांनी उलटा विचार केला. प्लास्टिक डांबरात घालायचंच नाही, १६०-१७० अंशांना तापलेल्या खडीवर टाकायचं. कातरलेल्या पिशव्या वितळून दगडावर पातळ साय धरतात, मग त्यावर डांबर. पीव्हीसी मात्र चालत नाही, तापल्यावर त्यातून आम्लाचा वायू निघतो. २०१५ मध्ये केंद्राने शहरांलगतच्या रस्त्यांसाठी टाकाऊ प्लास्टिकचा वापर सक्तीचा केला. २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली.

‘प्लास्टिकचा रस्ता’ हे नाव जरा फसवंच आहे. एक टन मालात डांबर साधारण ५० किलो आणि प्लास्टिक डांबराच्या ६ ते ८ टक्के, म्हणजे ३-४ किलो. बाकी सगळी खडीच.