स्वस्त, टिकाऊ आणि ऊर्जा वाचवणारं घर: तीन अटींचा इतिहास

खर्च कमी, आयुष्य जास्त आणि वीज-इंधनाची बचत, या तिन्ही अपेक्षा घराकडून आज एका दमात केल्या जातात. त्या एकत्र जन्मल्या मात्र नाहीत. नवं साहित्य आलं की एखादी अट पुरी व्हायची आणि दुसरी लंगडी पडायची, असंच बराच काळ चाललं.

१८२४ साली जोसेफ ॲस्पडिन यांनी इंग्लंडमध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. १८६७ मध्ये फ्रान्समधल्या जोसेफ मोनिए या माळ्याने आत लोखंडी जाळी घातलेल्या कुंड्यांचं पेटंट मिळवलं. दाब काँक्रीटने सोसायचा, ताण लोखंडाने. आजचं आरसीसी याच हिशेबावर उभं आहे. पुढे एडिसनच्या डोक्यात आलं की साच्यात काँक्रीट ओतून अख्खं घरच काढावं. १९१७च्या सुमारास न्यू जर्सीत अशी काही घरं झाली आणि त्यांतली काही आजही उभी आहेत. म्हणजे टिकाऊपणात तो पास झाला. पण साच्याचेच दोन हजारांवर तुकडे, ते विकत कोण घेणार? गरिबांसाठी काढलेली योजना बिल्डरांनाच परवडली नाही.

ऊर्जाबचतीची कल्पना मात्र समजतो तितकी नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर स्वीडनमध्ये इंधनाची टंचाई होती. लाकडासारखं ऊब धरणारं, पण न जळणारं आणि न कुजणारं साहित्य हवं होतं. १९२०च्या दशकात आक्सेल एरिक्सन यांनी चुना आणि वाटलेल्या शेलच्या (थरांच्या मऊ खडकाच्या) मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालून ते फुगवलं आणि दाबाच्या वाफेत पक्कं केलं. आतल्या असंख्य बुडबुड्यांत हवा अडकते, म्हणून ब्लॉक हलकाही होतो आणि उष्णताही अडवतो. आपण ज्याला एएसी ब्लॉक म्हणतो तो हाच.

दुसऱ्या महायुद्धानंतर सगळं मागे पडलं. उरली ती घाई. ब्रिटनने १९४४च्या कायद्याने कारखान्यात बनवलेली दीड लाखाहून अधिक तात्पुरती घरं उभारली. दहा-पंधरा वर्षांसाठी म्हणून बांधलेल्या त्या घरांत लोक कित्येक दशकं राहिले. मग काँक्रीटच्या तयार भिंती एकावर एक रचून बहुमजली इमारती उठल्या. १६ मे १९६८ रोजी लंडनच्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चौघे गेले. पॅनेलं भक्कमच होती, कच्चे होते ते सांधे. बांधकामाचे नियम त्यानंतर कडक झाले.

ऊर्जेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला तो १९७३च्या तेलसंकटाने. कॅनडात रेजायना येथे १९७७ मध्ये बांधलेल्या प्रायोगिक घरात जाड उष्णतारोधक थर तर होताच, पण फटी काटेकोरपणे बुजवल्या होत्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारं यंत्र बसवलं होतं. माझ्या मते खरं वळण इथे आलं: भिंतीच्या जाडीइतकंच महत्त्व हवेच्या गळतीला मिळालं. जर्मनीचे वोल्फगांग फाइस्ट आणि स्वीडनचे बू आदमसन या संशोधकांनी हाच विचार पुढे नेला. १९९१ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाटला पहिली ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे तापवायला जेमतेम ऊर्जा लागणारी, घरं झाली. घर गरम ठेवायला वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त ऊर्जा लागू नये, ही त्या पद्धतीची मर्यादा.

तरीही जुनं दुखणं उलटलंच. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला नूतनीकरणात उष्णतारोधक थर आणि त्यावर ज्वलनशील गाभ्याची पॅनेलं लावली होती. १४ जून २०१७च्या आगीत ७२ जण दगावले. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या शंभराहून अधिक शाळांना इमारती किंवा त्यांचे भाग बंद करावे लागले, कारण तिथल्या छतांत सळया घातलेल्या एरिक्सनच्याच काँक्रीटच्या फळ्या होत्या. सच्छिद्र काँक्रीटमध्ये ओल शिरली की सळई गंजते. बिनसळईच्या भिंतीतल्या ब्लॉकला हा धोका नाही. साहित्य तेच, जागा चुकली.

आता घर वापरताना लागणारी ऊर्जा घटल्यामुळे साहित्य बनवताना लागणाऱ्या ऊर्जेचा वाटा डोळ्यांत भरतो. जगातल्या कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. त्यावरचा एलसी-३ नावाच्या सिमेंटचा उपाय स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या संशोधक कारेन स्क्रिवेनर यांनी क्यूबा आणि भारतातल्या संशोधकांसोबत विकसित केला. त्यात निम्म्या क्लिंकरची (भट्टीत भाजून काढलेल्या, सिमेंटचा मुख्य घटक असलेल्या खड्यांची) जागा भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी घेतात. क्लिंकरसाठी भट्टी सुमारे १,४५० अंशांवर न्यावी लागते, ही माती साधारण ८०० अंशांवर भाजते.