व्हेक्टर आणि रास्टर : डिजिटल चित्रासाठी सॉफ्टवेअरची निवड

संगणकावर चित्र दोन प्रकारे साठवले जाते. रास्टर चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची, पिक्सेलची जाळी. व्हेक्टर चित्रात बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र यांची गणिती नोंद असते. चित्र उघडले की संगणक ते त्या नोंदीवरून काढून दाखवतो. फोटोशॉप, गिम्प, क्रिटा आणि प्रोक्रिएट मुख्यतः रास्टरसाठी वापरतात. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि इंकस्केप व्हेक्टरसाठी. यांपैकी गिम्प, क्रिटा आणि इंकस्केप फुकट मिळतात. निवड करताना चित्र शेवटी कुठे छापले किंवा कापले जाणार, हे आधी विचारावे.

सावंतवाडीच्या गोल गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांचे, उदाहरण घ्या. दशावतारी संचात १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगाची १२ पाने असतात : राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची १० पाने. मत्स्याच्या त्या १० पानांवर मिळून ५५ मासे होतात. डिजिटल संच करायचा तर व्हेक्टरमध्ये मासा एकदाच काढून त्याचे ‘सिम्बॉल’ करता येते. पुढे शेपटीचा बाक बदलला की पंचावन्नही मासे बदलतात. राजाच्या पानावरची कुंचल्याची नक्षी मात्र रास्टरमध्येच खुलते.

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी (कथा सांगताना दाखवायची कागदावरची चित्रे) स्कॅन केली की ती रास्टरच होते आणि तशीच ठेवणे बरे. ऑटोट्रेस लावून, म्हणजे सॉफ्टवेअरकडूनच रेघा गिरवून घेऊन, व्हेक्टर केल्यास कुंचल्याची जाड-बारीक रेघ सपाट होते, कागदाचा पोतही जातो. उलट दिशेने, व्हेक्टरचे रास्टर करणे सोपे असते.

रास्टरची खरी अडचण आकाराची. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलेला ए-४ कागद म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. तेच चित्र दशावतारी नाटकाच्या १० फूट रुंद बॅनरवर ताणले, की इंचाला जेमतेम २१ पिक्सेल उरतात आणि जवळून बघणाऱ्याला चित्र ‘फाटलेले’ दिसते. रस्त्यापलीकडून ते खपूनही जाते, ही गोष्ट वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून आलेल्या लोगोचे तर विचारूच नये. होडीवर चिकटवायचे नाव प्लॉटरवर (पात्याने आकार कापणाऱ्या यंत्रावर) कापून घ्यायचे असेल, तर व्हेक्टरच लागते, कारण पाते वक्राच्या मार्गानेच फिरते.

हापूसच्या पेटीच्या लेबलावर दोन्ही एकत्र येतात : आंब्याचा फोटो रास्टर, बागेचे नाव आणि चौकट व्हेक्टर. अशी जुळणी कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये करावी. देवनागरी मजकूर छापखान्यात देण्यापूर्वी ‘कर्व्ह’ करतात, म्हणजे अक्षरांचे वक्रांत रूपांतर करतात, नाहीतर तिकडच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यास अक्षरांची मोडतोड होते. पण कर्व्ह झालेले अक्षर हा निव्वळ आकार असतो. ‘देवगड’चे ‘देवगढ’ झाले असेल, तर ते टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून कर्व्ह न केलेली मूळ फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवतात.