मेंढ्यांचा वाडा आणि रोगप्रसार

फिरस्त्या धनगर मेंढपाळांच्या तळाला महाराष्ट्रात वाडा म्हणतात. दिवाळीच्या सुमारास कमी पावसाच्या पठारी तालुक्यांतून कोकणाकडे आणि नदीखोऱ्यांकडे निघायचे, पावसाच्या तोंडावर परतायचे, ही त्याची पारंपरिक चाल. अनेक कुटुंबांची मेंढरे रात्री शेतात वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत दाटीने बसतात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे.

या भटकंतीवर रोगराईचे खापर फोडले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांपासून बाधा करू शकणारी अळी तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर वाडा पुढच्या शिवारात गेलेला असतो. एकाच गायरानात वर्षभर चरणाऱ्या मेंढीला हे संरक्षण मिळत नाही.

रात्रीची दाटी मात्र पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाच्या पथ्यावर पडते. त्याचा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही. खोकला, शिंका आणि नाकातोंडातल्या स्रावातून तो शेजारच्या मेंढीत जातो. मेंढ्यांना होणाऱ्या देवीचे उलट आहे. तिचा विषाणू सुकलेल्या खपल्यांत, सावलीच्या जागी महिनोन्‌महिने जिवंत राहतो, म्हणून तिथे जुना तळही धोक्याचा. बाजारातून आणलेली किंवा न विकता परत आलेली मेंढी २१ दिवस वेगळी ठेवावी असे सांगितले जाते. चालत्या वाड्यात हे फार अवघड. निदान तिची वाघर तरी निराळी लावावी.

एकदम बरीच मेंढरे दगावली की साथ आली असे वाटते. आंत्रविषारात, म्हणजे आतड्यातल्या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या रोगात, तसे नसते. त्याचा जिवाणू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतो. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर किंवा कणसे सांडलेल्या रानात कळप अचानक सोडला, की हा जिवाणू झपाट्याने वाढून विष तयार करतो, आणि बहुधा धष्टपुष्ट कोकरेच आधी जातात. इथे मेंढ्या वेगळ्या करून काही साधत नाही. चारा हळूहळू बदलावा लागतो आणि लस आधीच टोचलेली असावी लागते.

पीपीआर भारतात प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर येथे आढळला. त्यावरच्या भारतीय लसीची एक मात्रा किमान ३ वर्षे संरक्षण देते, त्यामुळे ती मुक्कामाच्या गावी केव्हाही उरकता येते. आंत्रविषाराची लस मात्र दरवर्षी पावसाळ्यापूर्वी द्यावी लागते, आणि नेमका तेव्हाच वाडा परतीच्या वाटेवर, गावच्या दवाखान्यापासून दूर असतो.