ब्लेड (स्लोव्हेनिया)

ब्लेड : स्लोव्हेनियाच्या वायव्य भागात, ज्यूलियन आल्प्सच्या पायथ्याशी वसलेले सरोवरकाठचे विश्रामस्थळ. लोकसंख्या सु. ५,०००. गोरेन्स्का या ऐतिहासिक प्रदेशात, राजधानी ल्युब्ल्यानाच्या वायव्येस सु. ५० किमी. अंतरावर ते आहे. ज्या सरोवरामुळे गाव प्रसिद्ध आहे त्याची लांबी सु. २.१ किमी., रुंदी सु. १.४ किमी., कमाल खोली सु. ३० मी. असून पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सु. ४७५ मी. उंचीवर आहे. उत्तरेकडील किनाऱ्यावर सरळ तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर किल्ला, पश्चिम भागात चर्च असलेले लहानसे बेट, पार्श्वभूमीला कारावांके रांगेतील स्टोल (२,२३६ मी.) आणि हवा स्वच्छ असेल तर दूरवर त्रिग्लाव्ह (२,८६४ मी.) हे देशातील सर्वोच्च शिखर, असे हे दृश्य आहे. ते छायाचित्रांतून इतके परिचित झाले आहे की त्याचे आणखी वर्णन करण्याचे कारण नाही.

नाव : मराठी लेखनात हे नाव दाढीच्या पात्याशी एकरूप होते. स्लोव्हेनियन उच्चारात मात्र शेवटचे व्यंजन अघोष होते आणि तो ‘ब्लेत’च्या जवळ जातो. सर्वांत जुना लिखित उल्लेख १००४ मधील असून त्यात ‘उएल्देस’ असे रूप आढळते. पुढे जर्मनमध्ये ‘फेल्देस’ (लिहिताना आद्याक्षर ‘व्ह’चे, उच्चार ‘फ’चा) हे रूप रूढ झाले आणि ऑस्ट्रियन राजवट संपेपर्यंत नकाशांवर व रेल्वेच्या वेळापत्रकांत तेच छापले जात होते.

स्लोव्हेनियन भाषेत ‘ब्लेड’ म्हणजे फिकट. त्यावरून ‘फिकट पाण्याचे ते ब्लेड’ अशी व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते व प्रवासी पुस्तिकांत ती अजून टिकून आहे. तिच्यावरील मुख्य आक्षेप ध्वनिशास्त्रीय आहे. ‘फिकट’ या अर्थाच्या स्लाव्ह शब्दात ‘ल’ मुळापासूनच स्वराच्या आधी होता. जर्मन रूपात तो स्वराच्या नंतर येतो : ‘फेल्द-’, ‘फ्लेद-’ नव्हे. गावाचे नाव त्या विशेषणावरून पडले असते, तर जर्मन भाषकांनी वर्णांचा क्रम उलटा का ऐकावा, हे सांगता येत नाही. उलट प्राचीन स्लोव्हेनियन रूप ‘बेल्द’ असे मानले, तर कोडे बऱ्याच अंशी सुटते. दक्षिण स्लाव्ह भाषांत इ. स. ८०० च्या सुमारास अशा शब्दांत स्वर आणि ‘ल’ किंवा ‘र’ यांची अदलाबदल झाली, त्यामुळे ‘बेल्द’चे ‘ब्लेड’ झाले. बोलीत नुकसानचे ‘नुसकान’ होते त्याच जातीचा हा वर्णविपर्यय आहे. फरक इतकाच की तेथे तो एखाद्या सुट्या शब्दापुरता न राहता नियम म्हणून सगळ्या भाषेत पसरला. जर्मनने हे नाव त्या बदलाच्या आधी उचलले असेल, तर जुना क्रम त्या रूपात गोठून राहणे स्वाभाविक आहे. स्लाव्ह ‘ब’च्या जागी जर्मन ‘फ’ येणे हेही याच काळातील उसनवारीचे लक्षण होय. ‘बिस्त्रित्सा’ या सर्वत्र आढळणाऱ्या नदीनामाचे ऑस्ट्रियात ‘फाइस्ट्रिट्झ’ झाले, ते असेच.

एवढ्याने वाद मिटत नाही. जर्मन व स्लोव्हेनियन या दोन्ही भाषांनी हे नाव तिसऱ्याच, स्लाव्ह लोक येण्यापूर्वीच्या भाषेतून स्वतंत्रपणे घेतले असावे, असाही पर्याय मांडला जातो. दोन्ही मतांत मूळ शब्द स्लाव्हपूर्व मानण्याकडेच अभ्यासकांचा कल असून तो अधिक ग्राह्य वाटतो. त्या मूळ शब्दाचा अर्थ निश्चित झालेला नाही.

सरोवर : ब्लेडचे सरोवर ‘हिमनदीने कोरलेले’ असे थोडक्यात सांगण्याची पद्धत आहे. मिश्र उत्पत्तीचे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. भूकवचाच्या हालचालींनी येथे आधीच खळगा तयार झालेला होता. शेजारच्या बोहिन्य भागातील हिमनदीने तो खोल केला आणि हिमोढांनी (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या राशींनी) त्याच्या कडा उचलल्या. बर्फ वितळल्यावर, सु. १४,००० वर्षांपूर्वी, तो पाण्याने भरला. किल्ल्याचा कडा व बेट हे हिमनदीच्या घासणीला पुरून उरलेले कठीण खडकाचे अवशेष आहेत.

सरोवराला मोठी नदी येऊन मिळत नाही. लहान ओढे तेवढे आहेत. त्यामुळे पाणी बदलण्याचा वेग मंद असतो. या ठिकाणाचे सौंदर्य आणि दुखणे दोन्ही यात आहे. विसाव्या शतकात हॉटेलांचे व वस्तीचे सांडपाणी आणि शेतातील खते यांमुळे पोषकद्रव्ये साचली, तळाचा ऑक्सिजन संपू लागला आणि लालसर रंगाच्या नीलहरित शैवालांचे थर वर येऊ लागले. उपाय दोन टप्प्यांत झाला. १९६० च्या दशकात शेजारच्या रादोव्हना नदीचे स्वच्छ, थंड पाणी सरोवरात वळवण्यात आले. त्याने पुरेसा गुण आला नाही, तेव्हा १९८० च्या सुमारास ‘नातेगा’ ही वक्रनलिका बसवण्यात आली. टाकीतले पाणी नळी लावून खाली ओढून घ्यावे, त्याच तत्त्वावर ती तळाचे ऑक्सिजनहीन पाणी उपसून बाहेरच्या प्रवाहात सोडते. म्हणजे आज पर्यटक ज्याला निसर्गाची अस्पर्श देणगी समजतो, ती काही प्रमाणात नळकामाची कमाई आहे. ईशान्य कोपऱ्यात कोमट पाण्याचे झरे असून (सु. २२° से.) तेथील हॉटेलाला ‘टोप्लित्से’ म्हणजे ऊन पाण्याचे ठिकाण हे नाव त्यावरूनच मिळाले.

इतिहास : १० एप्रिल १००४ रोजी जर्मन राजा दुसरा हेन्री याने येथील जहागीर ब्रिक्सनचा बिशप आल्बुइन यास दिली. त्यास सरसकट ‘सम्राट हेन्री’ म्हटले जाते. सम्राटपद त्याला १०१४ मध्ये मिळाले. १०११ च्या दुसऱ्या दानपत्रात किल्ल्याचा उल्लेख येतो, आणि त्या आधारावर तो स्लोव्हेनियातील सर्वांत जुना उल्लेखित किल्ला मानला जातो. ब्रिक्सन हे आज इटलीत असलेल्या दक्षिण टिरोलमधले शहर. तेथील बिशपांची सत्ता १८०३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आठशे वर्षे टिकली. ती बरीचशी दुरूनच चाले. किल्ला बहुधा भाडेकरू सरदारांच्या ताब्यात असे. १८५८ मध्ये ही मालमत्ता येसेनित्से येथील लोखंड कारखानदार व्हिक्टर रुआर्ड याने विकत घेतली.

बेट : बेटावर ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी ‘झिव्हा’ या स्लाव्ह देवीचे मंदिर होते, अशी समजूत दृढ आहे. फ्रान्से प्रेशेर्न (१८००–४९) या राष्ट्रकवीने १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘क्रस्त प्री साव्हित्सी’ या दीर्घकाव्याने तिला आजचे रूप दिले. काव्याची नायिका या देवळातील पुजारीण आहे. १९६० च्या दशकातील उत्खननात प्रागैतिहासिक वस्तीच्या खुणा, मध्ययुगाच्या प्रारंभीची दफने आणि आजच्या चर्चपूर्वीच्या लहान प्रार्थनामंदिराचे अवशेष सापडले. जागा जुनी व पवित्र मानलेली होती, एवढे यावरून म्हणता येते. मंदिर, आणि तेही झिव्हाचेच, हा निष्कर्ष पुराव्यापेक्षा काव्यावर अधिक उभा आहे.

पंधराव्या शतकात येथे गॉथिक शैलीचे चर्च होते. त्यातील भित्तिचित्रांचे काही भाग शिल्लक आहेत. भूकंपांच्या हानीनंतर सतराव्या शतकात त्याला बरोक रूप आले. धक्क्यापासून वर जाणारा ९९ पायऱ्यांचा जिना १६५५ चा. घंटा १५३४ मधील असून ती पादुआच्या फ्रान्सिस्कुस पाताव्हिनुस याने ओतली. दंतकथेप्रमाणे किल्ल्यावरील पोलिक्सेना नावाच्या विधवेने पतीच्या स्मरणार्थ सोन्याचांदीची घंटा करवली, ती वादळात होडीसह बुडाली, आणि पुढे जोगीण झालेल्या त्या स्त्रीच्या मृत्यूनंतर पोपने नवी घंटा पाठवली. दोर ओढून घंटा वाजवली की मनातली इच्छा पुरी होते, हा समज या कथेचाच धागा आहे. दोर जड आहे व घंटा लगेच दाद देत नाही. बहुतेकांचा पहिला झटका फुकट जातो. पुन्हा, सावकाश, अंगाचा भार टाकून ओढावे लागते.

बेटावर जाणाऱ्या सपाट तळाच्या, कापडी छताच्या लाकडी होडीला ‘प्लेत्ना’ म्हणतात. हे नाव जर्मन ‘प्लेटे’ (सपाट तळाची नाव) यावरून आले असावे. नावाडी मागच्या टोकाला उभा राहून, तोंड पुढे करून, दोन वल्ही एकाच वेळी चालवतो. सुमारे वीस उतारूंचे वजन तो एकटा ओढतो. म्हणूनच बसताना दोन्ही बाजूंना सारखी माणसे बसवण्याबाबत तो काटेकोर असतो. दक्षिण काठावरील म्लिनो येथील घराण्यांकडे हा हक्क वंशपरंपरेने आहे. त्याची सुरुवात कोणी सोळाव्या शतकाच्या अखेरीस, तर कोणी सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या काळात धरतात. दोन्ही मते परंपरेवर आधारलेली आहेत.

विश्रामस्थळाची घडण : ब्लेडला यात्रेकरू पूर्वीपासून येत. पाहुणे येऊ लागले ते आर्नोल्ड रिक्ली (१८२३–१९०६) या स्विस गृहस्थामुळे. रंगाईच्या धंद्यातील हा माणूस वैद्य नव्हता. स्वतःच्या आजारपणानंतर येथील हवेचा गुण आला म्हणून त्याने १८५० च्या दशकाच्या मध्यास निसर्गोपचाराची संस्था काढली (काही ठिकाणी १८५४, काही ठिकाणी १८५५ असे वर्ष आढळते). ‘पाणी चांगले, हवा त्याहून चांगली, प्रकाश सर्वांत चांगला’ हे त्याचे सूत्र होते. रोगी लाकडी झोपड्यांत राहत, पहाटे आखूड कपड्यांत अनवाणी टेकड्या चढत, ठरलेल्या वेळी ऊन घेत आणि साधे, प्रामुख्याने शाकाहारी अन्न खात. युरोपातील श्रीमंत मंडळी पैसे मोजून अनवाणी चालतात, याचे गावकऱ्यांना किती नवल वाटले असेल!

रिक्लीचा प्रभाव उपचारापुरता राहिला नाही. स्वित्झर्लंडमध्ये मॅजोरे सरोवराकाठी आस्कोना येथे १९०० मध्ये स्थापन झालेल्या ‘मोंते व्हेरिता’ या निसर्गानुसारी जीवनाच्या वसाहतीचे संस्थापक हेन्री ओडेनकोव्हेन व इडा होफमान यांची पहिली भेट ब्लेडच्या या आरोग्यधामातच झाली. भारतात महात्मा गांधींवर लुई कुने व आडोल्फ युस्ट या जर्मन निसर्गोपचारकांचा प्रभाव होता, आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे त्यांनी सुरू केलेला आश्रम त्या विचारातून आला. रिक्ली त्याच प्रवाहाच्या आधीच्या पिढीतला. त्याच्यापासून उरुळीपर्यंत सरळ रेघ ओढता येणार नाही, पण कूळ एकच.

१८७० मध्ये जवळच्या लेस्त्सेपर्यंत रेल्वे आली. १९०६ मध्ये बोहिन्य मार्ग सुरू होऊन सरोवराच्या पश्चिमेला दुसरे स्थानक झाले. दोन महायुद्धांदरम्यान युगोस्लाव्ह राजघराण्याचे उन्हाळी निवासस्थान येथे होते. नंतर त्या जागी टिटोंसाठी ‘व्हिला ब्लेड’ उभारण्यात आला. युगोस्लाव्हिया व बल्गेरिया यांच्यातील ऑगस्ट १९४७ चा टिटो–दिमित्रोव्ह करार येथलाच. बुद्धिबळाच्या इतिहासात ब्लेडचे नाव अलेखिनने मोठ्या फरकाने जिंकलेल्या १९३१ च्या स्पर्धेमुळे आहे. १९५९ च्या उमेदवार स्पर्धेचा काही भाग येथे झाला (विजेता ताल, सोळा वर्षांचा फिशरही खेळला होता) आणि २००२ चे ऑलिंपियाड येथे भरले. जागतिक नौकानयन अजिंक्यपद स्पर्धा १९६६, १९७९, १९८९ व २०११ अशा चार वेळा या सरोवरावर झाल्या. २००६ पासून येथे परराष्ट्रधोरणविषयक वार्षिक परिषद भरते. २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर तीत सहभागी झाले होते.

प्रवास : आल्प्स म्हटले की मराठी प्रवाशाला आधी स्वित्झर्लंड आठवते, ब्लेड त्या मानाने अलीकडे माहीत झाले. भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो व चलन यूरो आहे. ल्युब्ल्यानाहून बस थेट गावात येते. आगगाडीने आल्यास लेस्त्से-ब्लेड स्थानकावरून पुढे सु. ४ किमी. जावे लागते. सरोवराभोवतीची पायवाट सु. ६ किमी. आहे. बेटासह किल्ल्याचे प्रसिद्ध दृश्य काठावरून नव्हे, तर ओइस्त्रित्सा व माला ओसोय्नित्सा या टेकड्यांवरून दिसते. चढ लहान पण उभा आहे. वायव्येस सु. ४ किमी.वर रादोव्हना नदीची व्हिंतगार घळ असून ती १८९३ मध्ये लाकडी पुलवाटा बांधून खुली झाली.

‘क्रेमश्निता’ हा येथला ओळखीचा गोड पदार्थ. कुरकुरीत पापुद्र्यांच्या दोन थरांत पिवळे कस्टर्ड, त्यावर फेटलेली साय, वर पिठीसाखर. काटा टेकवला की चौकोन थरथरतो. ही पाककृती १९५३ मध्ये सर्बियाच्या वोइव्होदिना प्रांतातून आलेल्या इश्त्वान लुकाचेव्हिच याने पार्क हॉटेलात बसवली. पदार्थाचा प्रकार मध्य युरोपात त्याआधीपासून होता. ब्लेडचा दावा या विशिष्ट रूपापुरता समजावा. त्यात अंडी असतात, हे शाकाहारी प्रवाशांनी ध्यानात ठेवावे.

बेटावरील चर्चमध्ये लग्ने लागतात आणि रीतीप्रमाणे वराने वधूला उचलून ९९ पायऱ्या चढायच्या असतात. वधूने वाटेत बोलायचे नाही, असाही दंडक सांगितला जातो. गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये सर्वाधिक असते. कडाक्याच्या एखाद्या हिवाळ्यात सरोवर पुरते गोठते. मग प्लेत्ना काठाला अडकून पडतात आणि लोक बेटावर चालत जातात.