डोहाळे, फ्रिज आणि लिस्टेरिया

रात्रीचे साडेअकरा. पाच महिन्यांची गरोदर बाई फ्रिजचं दार उघडं धरून उभी आहे. एका हातात कुणीतरी घरी करून दिलेल्या तिरामिसू या थंड इटालियन गोड पदार्थाचा डबा, दुसऱ्या हातात चमचा. खायची इच्छा अनावर झालेली, आणि तेवढीच धास्ती. फोनवर शोधलं तर एक यादी म्हणते चालेल, दुसरी म्हणते अजिबात नको, आणि तिसरीत मनाई केलेले पदार्थ इतके की मग खायचं तरी काय, असं वाटावं. या याद्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या कारण सांगत नाहीत. कारण न कळता पाळलेल्या नियमाने भीती तेवढी वाढते. यादीत नसलेला पदार्थ समोर आला की तो नियम काही कामाचा राहत नाही.

तो डबाच जरा जवळून पाहू. तिरामिसूत फेटलेलं कच्चं अंडं असतं, मऊ चीज असतं, कॉफी असते आणि बऱ्याचदा मद्यही असतं. गरोदरपणात विचार करायला लावणाऱ्या चार गोष्टी एकाच चमच्यात आल्या. पण चारही गोष्टींचं कारण वेगळं आहे. अंडं आणि चीज यांचा प्रश्न जंतूंचा आहे, म्हणजे तापवलं की सुटणारा. कॉफी आणि मद्य यांचा प्रश्न रसायनांचा आहे, तिथे भट्टीचा फारसा उपयोग नाही. एवढा फरक लक्षात राहिला तरी निम्मा गोंधळ मिटतो.

जंतूंमध्ये गरोदर स्त्रीने सगळ्यात जास्त सावध राहावं असा जंतू म्हणजे लिस्टेरिया. 1926 साली केंब्रिजमध्ये मरे नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्रयोगशाळेतल्या मेलेल्या सशांमध्ये तो सापडला. पुढे शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टर यांच्या सन्मानार्थ त्याला हे नाव मिळालं. माणसांनाही तो होतो हे लवकरच कळलं, पण येतो कुठून हे पन्नास वर्षांहून जास्त काळ कोडंच होतं. उलगडा झाला 1981 साली, कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याकडच्या प्रांतांत. तिथे 41 जण आजारी पडले आणि त्यातली 34 प्रकरणं गरोदर माता आणि नवजात बाळांची होती. माग काढत तपास करणारे पोचले कोबीच्या कच्च्या सॅलडपर्यंत, आणि तिथून एका शेतापर्यंत. त्या शेतात मेंढ्यांचं खत घातलं होतं आणि मेंढ्यांच्या त्या कळपात लिस्टेरियाची लागण झालेली होती. काढलेला कोबी हिवाळाभर थंड कोठारात साठवून ठेवला होता.

ते थंड कोठार हाच या गोष्टीतला खरा धडा आहे. आपण पदार्थ थंडीत ठेवतो ते जंतूंची वाढ रोखायला, आणि बहुतेक जंतूंच्या बाबतीत ते जमतं. लिस्टेरिया मात्र 4 अंश सेल्सिअसलाही वाढत राहतो, सावकाश पण न थांबता. बाकीचे जंतू गारठून पडलेले असताना त्याला मैदान मोकळं मिळतं. त्यामुळे फ्रिजमध्ये ‘चांगला’ राहिलेला, वास न आलेला, बुरशी न धरलेला पदार्थही त्याच्या बाबतीत भरवशाचा नसतो. तयार खायचा थंड पदार्थ जितके दिवस जुना, तितकी त्याला वाढायला सवड जास्त.

शरीरात शिरल्यावर तो जे करतो ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर थक्क व्हायला होतं. आतड्यातल्या पेशीला चिकटून तो आत घुसतो. पेशी त्याला एका पिशवीत कोंडते, तो ती पिशवी फोडून बाहेर येतो. मग पेशीच्याच सांगाड्यातलं ॲक्टिन नावाचं प्रथिन वापरून स्वतःच्या मागे धूमकेतूसारखं शेपूट तयार करतो आणि त्या रेट्याने शेजारच्या पेशीत थेट शिरतो. पेशींच्या बाहेर तो फारसा येतच नाही, त्यामुळे रक्तातून फिरणाऱ्या प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. ज्या कुलपाला किल्ली लावून तो आतड्यात शिरतो, तसंच कुलूप वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशींवरही असतं. गरोदरपणात बाळाला परकं मानून त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून आईची प्रतिकारशक्ती आपला पवित्रा बदलते, आणि नेमकी पेशींच्या आत दडलेल्या जंतूंशी लढणारी फळी थोडी सैल पडते. गरोदर स्त्रीला लिस्टेरियाची बाधा होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे दहापट जास्त असते, ती यामुळे. आईला बहुधा ताप, अंगदुखी, कणकण एवढंच होतं. बाळाच्या वाट्याला मात्र गर्भपात, मृतजन्म, अकाली प्रसूती किंवा जन्मानंतरचा मेंदूज्वर येऊ शकतो.

हा आजार दुर्मीळ आहे, हे मी इथेच स्पष्ट सांगते. चीजचा एक तुकडा खाल्लेल्या बहुसंख्य बायकांना काहीही होत नाही. पण जे होऊ शकतं ते इतकं मोठं आहे, आणि ते टाळायला लागतं ते इतकं थोडं, की नऊ महिने एवढी काळजी घेणं मला तरी रास्त वाटतं.

मऊ चीजचं नाव प्रत्येक यादीत असतं, ते का? 1985 साली लॉस एंजेलिसमध्ये मऊ ताज्या चीजमधून 142 जणांना लागण झाली. त्यातली 93 प्रकरणं माता आणि बाळांची होती. पोटातली बाळं धरून 48 जीव गेले. पाश्चरीकरण न झालेलं, म्हणजे तापवून जंतू न मारलेलं दूध त्या चीजमध्ये मिसळलं गेलं असावं, असं तपासात दिसलं. म्हणून पहिला नियम दुधाचा: कच्च्या दुधाचं काहीही नको. पण ब्री आणि कॅमेंबेअर यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. ताजं असताना हे चीज चांगलं आंबट असतं, आणि आंबटपणा जंतूंना आवडत नाही. त्याच्यावर पांढरी मखमली बुरशी चढते, ती हेच आम्ल खाऊन टाकते. जसजसं चीज मुरतं तसतसा सालीजवळचा आंबटपणा उतरत जातो, आतला भाग मऊ आणि ओलसर होतो. ओलावा आहे, आम्ल नाही आणि मुक्काम फ्रिजमध्ये, म्हणजे लिस्टेरियाला हवं ते सगळं हजर. दूध पाश्चरीकृत असलं तरी नंतर कारखान्यातून एखादा जंतू सालीवर बसला की त्याची सोय होते. निळ्या शिरांच्या मऊ चीजलाही हेच लागू. उलट चेडर, पार्मेजान यांसारखी कडक चीज कोरडी असतात, तिथे त्याचं फारसं चालत नाही. पाश्चरीकृत दुधाचं मोझरेला, क्रीम चीज, चीज स्प्रेड बिनधास्त खावं. आणि ब्रीच खायचं असेल तर ते आतपर्यंत वाफाळेल, बुडबुडे येतील इतकं भाजून गरमागरम खावं, मग हरकत नाही.

यावरून कुठल्याही पदार्थाला विचारायचे दोन प्रश्न मिळतात. हे नीट तापवलंय का? आणि तापवल्यानंतर आत्तापर्यंत त्याचं काय काय झालं? पहिला प्रश्न बहुतेकांना सुचतो. दुसरा सुटतो, आणि घोटाळा बहुधा तिथेच होतो.

आइस्क्रीमचंच घ्या. गोठवल्याने लिस्टेरिया मरत नाही, नुसता थांबतो. पण कंपनीत बंद झालेल्या आइस्क्रीमचं मिश्रण आधी पाश्चरीकृत केलेलं असतं आणि पुढे ते घट्ट गोठलेलंच राहतं, म्हणून ते सहसा सुरक्षित. यंत्राच्या तोटीतून वळसे घेत पडणाऱ्या मऊ आइस्क्रीमबद्दल मात्र मी हात आखडता घेईन. तिथे मिश्रण द्रवरूपात यंत्राच्या टाकीत बसून असतं, आणि तोटी, नळ्या, रबरी कड्या रोज उघडून धुतल्या जातात की नाही हे समोर उभं राहून कळत नाही. तापवल्यानंतर काय झालं, या प्रश्नाचं महत्त्व 1994 साली अमेरिकेत फार वाईट रीतीने कळलं. पाश्चरीकृत मिश्रण ज्या टँकरमधून नेलं, त्याच टँकरमधून आधी कच्च्या अंड्यांचा द्रव नेलेला होता. त्या आइस्क्रीममुळे सुमारे 2,24,000 लोकांना साल्मोनेला या जंतूची बाधा झाली असावी, असा अंदाज आहे.

साल्मोनेला हा कच्च्या अंड्यातला पाहुणा. कवच स्वच्छ धुतलं की झालं, असं नाही. लागण झालेल्या कोंबडीच्या शरीरात अंडं तयार होतानाच जंतू आत जाऊ शकतो. तो सहसा बाळापर्यंत पोचत नाही, पण गरोदरपणात कडक ताप आणि जुलाब म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं, आणि ते बाळालाही सोसावं लागतं. घरी केलेलं मूस, घरचं मेयोनेज, कच्च्या अंड्याचं घरगुती आइस्क्रीम आणि आपल्या त्या डब्यातलं तिरामिसू, सगळे याच गटातले. अंडं 71 अंशांपर्यंत तापलं की चिंता नाही. कस्टर्ड, पुडिंग, केक आनंदाने खावेत. ब्रिटनमध्ये 2017 पासून, ज्या अंड्यांवर तिथल्या लसीकरण योजनेचा सिंहाचा शिक्का असतो ती अर्धीकच्ची असली तरी गरोदर स्त्रियांना चालतात असं सांगितलं जातं. मात्र ही मुभा त्या शिक्क्यापुरतीच आहे.

केक करताना पातेल्याला लागलेलं पीठ बोटाने चाटायची सवय अनेकींना असते. अंडं नसलेलं असलं तरी ते चाटू नये, कारण पीठ हीसुद्धा कच्चीच वस्तू आहे. शेतातून गिरणीत येताना ते कुठेही शिजत नाही आणि त्यातून ई. कोलाय या जंतूची बाधा झाल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत.

आता रसायनं. मद्याची सुरक्षित अशी मात्रा गरोदरपणात माहीत नाही, म्हणून मद्य शून्य. ‘शिजवलं की उडून जातं’ हा समज फक्त अर्धा खरा आहे. पदार्थावर मद्य ओतून पेटवलं तरी सुमारे तीन चतुर्थांश मद्य तसंच राहतं. पंधरा मिनिटं उकळलं तरी 40 टक्के उरतं. अडीच तास रटरटल्यावर ते 5 टक्क्यांवर येतं. तिरामिसूत ते शिजतच नाही. मद्य भरलेल्या चॉकलेटांतही नाही.

कॅफिनचं गणित सोपं आहे. दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहावं. झटपट कॉफीच्या मोठ्या कपात सुमारे 100, चहाच्या मोठ्या कपात 75, गडद चॉकलेटच्या 50 ग्रॅमच्या वडीत 25 पेक्षा कमी. म्हणजे चॉकलेटवरून स्वतःला बोलणी बसवून घ्यायचं काही कारण नाही. मर्यादा आहे ती यासाठी, की एरवी चार-पाच तासांत निम्मं होणारं कॅफिन शेवटच्या तिमाहीत निम्मं व्हायला पंधरा तासांच्या आसपास घेतं, आणि ते मोडणारं विकर (एन्झाइम) बाळाच्या यकृतात अजून तयारच झालेलं नसतं.

याद्यांमध्ये क्वचितच दिसणारा एक गोड पदार्थ मला आवर्जून सांगायचा आहे, तो म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या. ज्येष्ठमधात ग्लायसिरायझिन असतं. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाळापर्यंत भारंभार पोचू नये म्हणून वारेत एक विकर पहारा देत असतं. ग्लायसिरायझिन त्या पहारेकऱ्यालाच गप्प बसवतं. फिनलंडमध्ये ही मिठाई अतोनात लोकप्रिय आहे. तिथे 1998 साली जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा केला गेला. ज्यांच्या आयांनी गरोदरपणी ती भरपूर खाल्ली होती, म्हणजे आठवड्याला सुमारे 250 ग्रॅम किंवा जास्त, ती मुलं किशोरवयात बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीने सुमारे सात गुणांनी मागे दिसली. असा अभ्यास कार्यकारणभाव पक्का करत नाही. तरीही फिनलंडमध्ये गरोदर स्त्रियांना ही मिठाई टाळायला सांगतात. चुकून एखादी गोळी खाल्ली म्हणून घाबरू नये, पिशवी संपवू नये.

प्राण्यांचं यकृत आणि ते वाटून केलेले पॅटे यांत तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व फार असतं आणि त्याचा अतिरेक बाळाच्या घडणीला बाधतो, म्हणून ते टाळलेलं बरं. शार्क, स्वोर्डफिश असे मोठे शिकारी मासे पाऱ्यामुळे नकोत. लहान मासे, नीट शिजवलेले, जरूर हवेत.

आणि नकळत काही खाऊन झालंच असेल तर? काही त्रास नसेल तर धावत जाऊन तपासण्या करायची गरज नसते. पण लिस्टेरियाची लक्षणं दिसायला दोन महिन्यांहून जास्त, 70 दिवसांपर्यंत, काळ लागू शकतो. तोवर तो पदार्थ आपण विसरूनही गेलेलो असतो. त्यामुळे त्या काळात ताप आला, अंग मोडून आलं, तर ‘साधा फ्लू असेल’ म्हणून घरी पडून राहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं आणि आठवून सांगावं, ‘पाच आठवड्यांपूर्वी मी मऊ चीज खाल्लं होतं.’ या एका वाक्यावरून त्यांना रक्ताची नेमकी तपासणी सुचते. लिस्टेरिया निघाला तर त्याच्यावर ॲम्पिसिलिनसारखं जुनं, गरोदरपणात चालणारं प्रतिजैविक आहे, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं बाळाला वाचवायला हाती असतं.