विजेची भट्टी थेट सिमेंटवर नको

खानापूर-बेळगाव पट्ट्यात मातीची भांडी भाजायला घरी विजेची भट्टी आणणाऱ्याला हमखास सांगतात, ‘सिमेंट काय पेटतंय? ठेव खुशाल जमिनीवर.’ पेटत नाही, हे खरं. पण सिमेंटात ओल मुरलेली असते, आमच्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. लाल मातीच्या भाजणीत आतलं तापमान १००० अंशांच्या आसपास जातं. तळाची धग सिमेंटात उतरली की ओलीची वाफ होते आणि टवके उडू शकतात.

म्हणून भट्टीखाली हवा खेळायलाच हवी. लोखंडी अँगलचं, नीट वेल्डिंग केलेलं स्टँड घ्या. लाकडी पाट, प्लाय अजिबात नको. पुन्हापुन्हा तापलेलं लाकूड काळवंडतं आणि कधीतरी पेट घेतं. स्टँडवर किती वजन येईल याचा हिशोब करताना भट्टीत मांडलेली भांडीही धरा. स्टँड डुगडुगलं तर भट्टीच्या मऊ विटांना तडे जातात. भिंतीपासून दीड फूट मोकळं सोडा.