फोकस स्टॅकिंगचे फोटो जोडणीसाठी आणण्यापूर्वी

फोकस स्टॅकिंग म्हणजे एकाच वस्तूचे वेगवेगळ्या खोलीवर फोकस केलेले अनेक फोटो जोडून सर्वत्र स्पष्ट असे एक चित्र तयार करणे. परभणीतील आमच्या दुकानातून मॅक्रो रेल (कॅमेरा थोडाथोडा पुढे सरकवणारी पट्टी) आणि ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचे भिंग) भाड्याने नेणाऱ्यांत कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी, वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि बियाणे व्यवसायातील मंडळी अधिक असतात. कॅमेरा कसा हाताळावा हे त्यांना सांगावे लागत नाही. तरीही जोडणीसाठी आलेल्या फोटोंत एकच दोष वारंवार आढळतो आणि त्यात ग्राहकांचे व आमचे दिवस वाया जातात, म्हणून हे पत्रक काढले आहे.

दोष असा, की दोन फोटोंमधली स्टेप, म्हणजे कॅमेरा पुढे सरकवण्याचे अंतर, फार मोठी ठेवली जाते. 0.10 न्यूमेरिकल अपर्चरच्या (भिंग किती रुंद कोनातून प्रकाश घेते त्याचे माप) चौपट मोठे दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्हमध्ये एका वेळी स्पष्ट दिसणारा थर सुमारे 55 मायक्रॉन जाडीचा असतो, 0.25 अपर्चरच्या दहापट ऑब्जेक्टिव्हमध्ये तो जेमतेम 9 मायक्रॉन भरतो. तुरीच्या शेंगेवरील लव 2 मिलिमीटर खोलीपर्यंत टिपायची असेल, तर चौपटीवर 40 मायक्रॉनच्या स्टेपने 50 फोटो घ्यावे लागतात. वेळ वाचवण्यासाठी 100 मायक्रॉनची स्टेप ठेवून 20 फोटो आणले, की जोडलेल्या चित्रात एक पट्टा स्पष्ट आणि पुढचा धूसर असे दिसू लागते. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतील स्पष्ट भाग तेवढा निवडते. जो भाग कोणत्याच फोटोत स्पष्ट आलेला नाही, तो ते कोठून आणणार?

असे पट्टे एडिटिंगने भरून देण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही, याचा काहींना राग येतो. परंतु ते चित्र प्रबंधात जाते, त्यावरून लवेचे केस मोजले जातात. कॅमेऱ्याने न पाहिलेला केस आम्ही काढून देणे योग्य नव्हे.

लेन्सचे अपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) लहान करून थर जाड होईल, हा उपायही येथे चालत नाही. साध्या मॅक्रो लेन्सवर चौपट मोठेपणाला एफ/11 ठेवले, तर ते प्रत्यक्षात एफ/55 च्या आसपास, म्हणजे फारच लहान छिद्रासारखे, जाते आणि विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळेच चित्र धूसर पडते.

तोडलेली डहाळी उन्हाळ्यात पाहता पाहता मान टाकते, त्यामुळे देठ पाण्याच्या नळीत ठेवावा, पंखा बंद करावा आणि पान स्थिरावण्यास दहा मिनिटे द्यावीत. शेवटचा फोटो झाल्यावर रेल मूळ जागी आणून पहिला फोटो पुन्हा घ्यावा. दोन्ही जुळले नाहीत, तर पान हलले आहे असे समजावे.

साध्या रेलवर 40 मायक्रॉनची स्टेप हाताने सतत नेमकी साधणे फार कठीण असते, म्हणून आम्ही मोटारीची रेल सुचवतो आणि तिच्यासोबत अर्ध्या दिवसाचे प्रात्यक्षिक विनामूल्य देतो. दहापट ऑब्जेक्टिव्ह मात्र चौपटीवरचा एक स्टॅक (जोडणीच्या फोटोंचा संच) नीट जमल्यानंतरच मिळेल. सामान परत करण्याच्या आदल्या दिवशी मेमरी कार्ड आणल्यास आम्ही फोटो समोरच तपासून देतो, म्हणजे काही राहिले असल्यास ते त्याच भाड्यात पुन्हा काढता येते.